गुरुवारी अपडेट? पुण्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकाच्या सुरक्षा अपडेटविषयीचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. सूचना दिसली की लगेच बटण दाबा, म्हणे! लेखक पुण्यात राहत नसावेत. नाहीतर निदान ‘गुरुवार सोडून’ एवढे तरी लिहिले असते.

विंडोजचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघते. तिकडे अमेरिकेत सकाळ, इकडे आपली झोपायची वेळ. म्हणजे आपल्याला ते बुधवारी दिसणार आणि पाठोपाठ आमच्याकडचा, दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा, गुरुवार उजाडणार. गेल्या महिन्यात मी आज्ञाधारकपणे सकाळी साडेनऊला बटण दाबले. पडद्यावर गोल फिरू लागला, खाली ‘संगणक बंद करू नका’ अशी ताकीद. 62 टक्क्यांवर वीज गेली. यूपीएसने चार मिनिटे टीं टीं केले आणि मान टाकली. मी बंद केला नव्हता हो, पण सांगणार कुणाला?

वीज आल्यावर संगणकाने डिस्कचे कुलूप (बिटलॉकर) उघडायची 48 आकडी किल्ली मागितली. अशी किल्ली असते हेच मला ठाऊक नव्हते. टिळक रस्त्यावरच्या एका दुकानातला मुलगा चहा पिता पिता म्हणाला, “काका, फॉरमॅट मारू. डेटा जाईल फक्त.” फक्त! सोसायटीचा नऊ वर्षांचा हिशेब त्यात, ऑडिट पंधरा दिवसांवर आणि खजिनदार मी. शेवटी हिला आठवले की दिवाळीत बंगळुरूहून आलेल्या चिरंजीवांनी संगणक स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सुरू करून दिला होता. किल्ली तिथेच निघाली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. तो फोनवर ‘डबल फाइव्ह, ट्रिपल सेव्हन’ करणार, मी लाइट बिलाच्या पाठीमागे लिहिणार. तिसऱ्या गटात माझा 1 मलाच 7 वाटला. हिशेब वाचला, ते लाइट बिल आता एफडीच्या पावत्यांबरोबर कपाटात आहे.

अपडेट करू नये असे मी म्हणत नाही. 2017 च्या वॉनाक्रायवरचा (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसवरचा) इलाज 14 मार्चलाच आला होता, हल्ला झाला 12 मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी अपडेट केले ते वाचले. पण गुरुवारऐवजी शनिवारी केल्याने आकाश कोसळत नाही. सेटिंगमध्ये अपडेट आठवडाभर थांबवून ठेवण्याची सोय आहे, तिचा लेखात उल्लेखही नाही. आधी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, किल्ली कागदावर उतरवून ठेवा, हेही नाही. ‘सूचनेची वाट पाहा’ हे मात्र आहे. विंडोज 10 च्या सुरक्षा अपडेटची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. वाढीव मुदतीसाठी वेगळी नोंदणी न केलेल्यांनी किती दिवस वाट पाहायची?

कदाचित हे सगळे लेखासोबतच्या चौकटीत असेलही. पिवळ्यावर पांढरी अक्षरे छापल्यामुळे ती मला भिंग घेऊनही वाचता आली नाही. परवाच्या शब्दकोड्याचे उत्तरही आज आलेले नाही. आडवे 14 अडले आहे.

आपला,
एक खजिनदार (मानद), कोथरूड, पुणे