एमएसचे औषध ठरवताना रुग्णालाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, बहुधा विशी ते चाळिशीत गाठतो, बायकांना अधिक. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते. औषध वर्षानुवर्षे चालते, पण ते निवडताना ओपीडीत रुग्णाचे एकच वाक्य ऐकू येते : 'तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर.'

इंटरफेरॉनची इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यात गेलेली वीज लवकर येत नाही, हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कसे कळणार? डायमिथाइल फ्युमरेटच्या कॅप्सूलने सुरुवातीला चेहरा लाल होतो, पोट बिघडते. आधी कल्पना नसली की रुग्ण 'अ‍ॅलर्जी झाली' म्हणून ती परस्पर सोडतो. खरे तर जेवणाबरोबर घेतल्यास त्रास कमी होतो. फिंगोलिमोडच्या पहिल्या डोसनंतर निदान ६ तास नाडी व रक्तदाब पाहावा लागतो. 'गोळ्या संपल्या, पगार झाला की आणू' हे तर तिथे चालतच नाही, कारण अचानक बंद केल्यास आजार जोरात उसळू शकतो. रिटुक्सिमॅब साधारण सहा महिन्यांनी सलाईनमधून देतात. फेऱ्या वाचतात, पण आधी हिपॅटायटिस बी व टीबीची तपासणी हवीच.

टेरिफ्लुनोमाइड रोज एकच गोळी, म्हणून सोयीची वाटते. मात्र ती गर्भाला घातक ठरू शकते आणि बंद केल्यावरही दोन वर्षांपर्यंत शरीरात राहू शकते. ती लवकर काढून टाकण्याचे औषध आहे, पण तो विषय आधी निघायला हवा. लग्न ठरत असलेली मुलगी वडिलांसमोर मूल कधी हवे ते सांगणार नाही. तिच्या एकटीशी पाच मिनिटे बोलावे; एवढे तरी कुठल्याही दवाखान्यात जमते.

औषध ठरण्याआधी रुग्णाने एक प्रश्न जरूर विचारावा : 'एनएमओ नाही ना?' एनएमओ म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. दिसायला एमएससारख्या या आजारात इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमोडने प्रकृती बिघडू शकते. अ‍ॅक्वापोरिन-४ ही रक्ततपासणी त्यासाठीच असते.

आपल्याकडचे रुग्ण आज बेळगाव, उद्या मिरज, परवा हुबळी असे फिरतात. त्यांनी एमआरआयचा नुसता रिपोर्ट नव्हे, सीडीही जपावी. जुन्या-नव्या चित्रांची तुलना त्यावरच होते. आणि सीमाभागातील रुग्णालयांनी संमतिपत्र कन्नड-इंग्रजीबरोबर मराठीतही द्यावे, सही घेण्याच्या आदल्या दिवशी, घरी नेऊन वाचता येईल असे.

– एक फिजिओथेरपिस्ट, बेळगाव