फुलपाखरांच्या मोजणीसाठी हात हवेत

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं लागतात, हे दोडामार्ग तालुक्यात कुणाला सांगायला नको. पण त्याच झाडाच्या पाल्यावर मलबार बँडेड पीकॉक या फुलपाखराची अळी वाढते, हे किती जणांना ठाऊक आहे? काळ्या पंखांवर निळा-हिरवा रुंद पट्टा असलेलं हे फुलपाखरू फक्त पश्चिम घाटात सापडतं. केरळने २०१८ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. आपल्याकडे मात्र रबर, काजू लावायला रान साफ करताना खोड काटेरी म्हणून पहिली कुऱ्हाड तिरफळावरच पडते.

आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद ठेवायची वही, उघडली, तर फुलपाखरांच्या पानावर नीलवंत, हळदीकुंकू आणि पुढे नुसतं 'इतर' एवढंच. पश्चिम घाटात फुलपाखरांच्या सव्वातीनशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या आपल्या रानात कोणत्या, कुठल्या महिन्यात आणि किती, हे वर्षभर मोजायचं आम्ही ठरवलं आहे.

'एका दिवसात शंभर जाती' असल्या शर्यतीत आम्हाला रस नाही. देवराई, काजूची बाग आणि व्हाळाकाठ अशा तीन ठरलेल्या वाटा. दर पंधरवड्याला, उन्हाची उघडीप बघून, सावकाश चालायचं. दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्यात दिसेल तेच लिहायचं. वाट तीच, रीत तीच, म्हणून पुढच्या वर्षीचा आकडा यंदाच्या आकड्याशी ताडून बघता येईल. झाडांच्या शेंड्यावर उडणारी आणि तिन्हीसांजेला बाहेर पडणारी फुलपाखरं यातून निसटतात. त्यांची नोंद वेगळी ठेवू. जाळं लावणार नाही, एकही फुलपाखरू मारणार नाही. फोटोवरूनच ओळख पटवायची, आणि तोही पंख मिटलेला व उघडलेला असा दोन्ही हवा. स्किपर मंडळी, म्हणजे एकमेकांसारखी दिसणारी छोटी फुलपाखरं, एका फोटोवर ओळखतो म्हणणाऱ्यावर आमचा विश्वास नाही!

यासाठी सगळ्यात आधी माणसं हवीत. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनो, एक सकाळ आम्हाला द्या. पावसाचा जोर ओसरून उघडीप मिळू लागते तो हाच काळ, आणि फुलपाखरांची चलती पुढे दिवाळीपर्यंत टिकते. चालताना जळवा लागतील. मीठ आमच्याकडे आहे. कॉलेजच्या पोरांना नोंदी कशा घ्यायच्या ते शिकवू. पडून असलेला कॅमेरा किंवा दुर्बीण कुणी दिली तर सोनंच. जवळून फोकस होणारी दुर्बीण मिळाली तर अधिक बरं.

पैशांची गरज तक्ते छापायला, जीपच्या डिझेलला आणि वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांच्या मजुरीला आहे. रान तुडवलेल्या माणसाचा दिवस फुकट घ्यायचा नाही, एवढं आमचं पक्कं आहे. देणगी रोख कुणाच्या हातात देऊ नका. स्थानिक जैवविविधता निधीच्या खात्यातच भरा आणि ग्रामपंचायतीतून पावती घ्या. जमाखर्च दर तीन महिन्यांनी कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावू.

बागायतदारांकडे मागणी वेगळी आहे. तुमच्या बांधावर तिरफळ किंवा सापसंदाचा वेल असेल तर आम्हाला कळवा आणि मोजणी संपेपर्यंत तरी तोडू नका. सापसंदावर सदर्न बर्डविंग या मोठ्या फुलपाखराची अळी वाढते. नावं ग्रामपंचायत कार्यालयात, कामकाजाच्या कुठल्याही दिवशी नोंदवता येतील.