लॅम्बडाची जोड

एडिंबरा

ती. आबांस,
साष्टांग नमस्कार.

राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याचं मोबाइलवर वाचलं. जपून असा.

परवा तुम्ही विचारलंत, "दिवसभर करतीस तरी काय गं तिथं?" तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि गाडी माझ्या जेवणावर गेली. म्हणून लिहूनच कळवते.

आमच्याकडं लॅम्बडा नावाचा विषाणू आहे. एस्थर लेडरबर्ग यांना तो 1950 च्या सुमारास सापडला. तो ई. कोलाय जिवाणूला धरतो, माणसाला नाही. हे आईला आधी सांगा. डीएनएची तुटकी टोकं जुळवायला त्याची स्वतःची प्रथिनं आहेत. एक्झो हे दुहेरी डीएनएचा एक धागा टोकापासून खात जातं, दुसरा उघडा पडतो. गॅम हे जिवाणूचं डीएनए कुरतडणारं एन्झाइम अडवतं. आणि बीटा, ज्याच्यामागं मी लागलेय, ते त्या उघड्या धाग्याची पूरक धाग्याशी गाठ घालून देतं. डीएनएच्या चार अक्षरांत ए समोर टी, जी समोर सी.

गंगावेशीच्या तालमीत वस्ताद कुस्तीची जोड लावायचे ना, तसंच. स्वतः लढायचं नाही, तोलामोलाचे दोघं समोर आणायचे. बीटा या कामाला एटीपीसुद्धा, म्हणजे पेशीतलं इंधन, जाळत नाही. सुट्या धाग्याला ते जेमतेम चिकटतं, आधीच जुळलेल्या जोडीला विचारत नाही. पण स्वतः जुळवलेली जोडी मात्र सोडत नाही. 2022 मध्ये त्याची रचना दिसली: बीटाचे रेणू एकाला एक लागून वेटोळं करतात आणि दोन्ही धागे त्याच्या खाचेत बसतात. मला तर हे बघून लई आनंद झाला.

माझं रोजचं काम म्हणजे जिवाणूंचा फ्लास्क 15 मिनिटं 42 अंशांच्या पाण्यात ठेवायचा, की ही प्रथिनं तयार होतात. मग लगेच बर्फात घालून हलवत राहायचं. बोटं बधिर होतात. नंतर विजेचा झटका देऊन हवा तो डीएनए जिवाणूच्या आत घालायचा. त्याच्या दोन्ही टोकांची पन्नासेक अक्षरं जिवाणूच्या डीएनएशी जुळली तरी जनुक बदलता येतं. डीएनए कापून चिकटवायची मोठी कात्री-डिंकाची कामं यामुळं वाचली.

ओंकारला शिवाजी विद्यापीठात बायोटेक घ्यायचंय म्हणे. त्याला हे वाचायला द्या आणि प्रश्न असतील तर रविवारी फोन कर म्हणावं, बाकी दिवशी मी लॅबमध्ये असते.

तुमची,
मनू