नामांतरण म्हणजे मालकी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की इंदूर नगर निगम जुन्या, जर्जर घरांना नोटिसा देते. राजवाड्याच्या आसपास किंवा जुनी इंदूर भागातल्या मराठी घरांत अशी नोटीस आली, की अडचण केवळ पैशांची नसते. दुरुस्तीला किंवा पाडायला सही कोणी करायची, इथेच गाडी अडते. नोटीस येते संपत्ती कराच्या खात्यावर ज्याचे नाव असेल त्याला. ते नाव सहसा घरात राहणाऱ्या थोरल्या भावाचे असते, आणि सगळे, खुद्द तो भाऊसुद्धा, त्यालाच मालक समजतात. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी चांगली घरे कोसळेपर्यंत तशीच पडून राहतात.

नामांतरण, म्हणजे कराच्या खात्यावरचे नाव बदलणे, करवसुलीसाठी असते. बिल कोणाच्या नावे काढायचे, एवढाच त्याचा उपयोग. सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात ६ सप्टेंबर २०२१ रोजी हे पुन्हा स्पष्ट केले: अशा नोंदीमुळे मालकी मिळत नाही. चाळीस वर्षांच्या कराच्या पावत्या ताबा दाखवायला उपयोगी पडतात, मालकी सिद्ध करायला नाही. शिवाय एका वारसाचा ताबा कायद्याने सर्व वारसांच्या वतीने मानला जातो. म्हणून ‘बारा वर्षे मी एकटाच राहतो, आता घर माझे’ हा हिशेब भावाबहिणींत चालत नाही. त्यांचा हक्क त्यांना कळेल अशा रीतीने उघड नाकारल्याचे सिद्ध व्हावे लागते.

वाटे कसे पडतात ते पाहा. घर वडिलांनी स्वतः घेतलेले, मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि वडिलांची आई. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पाच सारखे वाटे होतात. आजीचा पाचवा हिस्सा लोक हमखास विसरतात. पुढे आजीही मृत्युपत्र न करता गेली, आजोबा आधीच गेलेले, आणि तिला आणखी एक मुलगा व एक मुलगी असली, तर तिच्या हिश्श्याचे तीन भाग होतात: काकांना १/१५, आत्याला १/१५ आणि उरलेला १/१५ तिघा नातवंडांत, म्हणजे प्रत्येकी १/४५. लग्न होऊन नागपूरला गेलेल्या आत्याची सही न घेता घर विकले, तर पंधरावा हिस्सा विकलाच गेलेला नसतो. बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, काढताना नेमका तिथे थांबतो, आणि घेणाऱ्याचे कर्ज अडते.

घर वडिलोपार्जित असेल, तर याच कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच वाटेकरी, आहे. दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने मिटले. त्याच दुरुस्तीत कलम २३ रद्द झाले. भाऊ वाटणी करत नाहीत तोवर बहिणीने राहत्या घराची वाटणी मागायची नाही, ही जुनी आडकाठी त्याबरोबर गेली. तरीही ‘तिचे लग्नात दिले’ हे वाक्य कायदा असल्यासारखे उच्चारले जाते, याचे फार वाईट वाटते.

बहीण स्वखुशीने हक्क सोडत असेल तर कागद तरी नीट व्हावा. नोटरीपुढे स्टॅम्पवर लिहून घेतलेले हक्कसोडपत्र पुरत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ते नोंदवावे लागते, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांत उपपंजीयकापुढे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, सादर करावे लागते. नोंद नसेल तर कलम ४९ मुळे तो कागद हक्क सुटल्याचा पुरावा ठरत नाही. मुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ घेणाऱ्यांचेही तेच. २०११ पासून सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळा स्पष्ट आहे की त्याने मालकी बदलत नाही.

सर्वांत जास्त नुकसान होते ते एखादा वारस चिडून आपला अविभक्त हिस्सा दलालाला विकतो तेव्हा. परक्या खरेदीदाराला एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात लगेच शिरता येत नाही. त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो. तो दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ खाली घरच्यांना तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला परत घेता येतो. त्यासाठी पैसा हाताशी लागतो, हे खरे. पण हे कलमच ठाऊक नसल्यामुळे घरे कवडीमोलाने जातात.

सरकारचाही यात दोष आहे. आपल्याकडे दस्त नोंदवला जातो, मालकीची हमी दिली जात नाही. विकणाऱ्याचा हक्क निर्दोष आहे का, हे उपपंजीयकाने तपासायचे नसते, आणि २०२४ साली राज्याची दस्तनोंदणीची ‘संपदा २.०’ ही प्रणाली आल्यावर नोंदणी ऑनलाइन झाली तरी त्यात फरक पडला नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून सरकारी नोंदवही हाच मालकीचा पुरावा आहे. राजस्थानने शहरी जमिनीसाठी २०१६ मध्ये हक्क प्रमाणित करण्याचा कायदा केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी भूमापनाचा ‘नक्शा’ कार्यक्रम आपल्याच राज्यातल्या रायसेनहून सुरू झाला. पण मोजणीने हद्द ठरते, वारस ठरत नाहीत.

ते काम निगम थोड्या खर्चात सुरू करू शकते. मृत्यूनंतरच्या नामांतरणाच्या अर्जात आई, पत्नी, मुली धरून सर्व वारसांचा रकाना सक्तीचा करावा आणि खात्यावर सगळ्यांची नावे चढवावीत. बिल एकालाच गेले तरी चालेल. प्रत्येक पावतीवर ‘ही पावती मालकीचा पुरावा नाही’ असे ठळक छापावे. आणि जर्जर घराची नोटीस नोंदलेल्या प्रत्येक वारसाला, तो पुण्यात असो वा परदेशात, पाठवावी.

आपला,
मालमत्तेच्या दस्तऐवजांचे काम करणारा एक वाचक,
इंदूर