मुख्यमंत्री बदलण्याआधी कॅलेंडर बघ

पुणे,
संक्रांतीनंतरचा सोमवार

प्रिय सुध्या,

पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून मनातल्या मनात घातलेल्या शिव्या पोचल्या. माझा गुडघा आहे तसाच आहे, आईची साखर आटोक्यात आहे, प्रकृतीचा अहवाल संपला.

आज लिहायला बसलो ते तुमच्या पक्षाध्यक्षांच्या विधानामुळे. ‘नेतृत्वबदलाचा प्रश्नच उद्भवत नाही.’ ते वाचून आमचे अण्णा म्हणाले, ‘चला, मिटलं एकदाचं!’ आता त्यांना काय सांगायचं? असं विधान आलं की काही मिटत नाही, उलट घड्याळ सुरू होतं, हे या घरात मी कुणाला पटवू? म्हणून तुला लिहितोय. राज्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पोस्टमनही मतदार असतो.

तुझं टिपण नीट वाचलं. पहिल्या पानावर ‘मुख्यमंत्री बदलावा का’ आणि तिसऱ्या पानावर ‘निवडणूक मुदतीआधी घ्यावी का’. लेका, हे दोन प्रश्न नाहीतच. नव्या माणसाला किती महिने मिळणार हे तारखेवर ठरतं, आणि तारीख ठरल्याशिवाय नाव सुचवणं म्हणजे कट्ट्यावरच्या गप्पा. तुमच्या सभागृहाला चौदा महिने उरलेत. त्यातले शेवटचे दोन-अडीच आचारसंहितेत जाणार. पुढच्या वर्षी मार्चमध्ये नुसतं लेखानुदान (काही महिन्यांच्या खर्चाची तात्पुरती मंजुरी) असेल, म्हणजे शेवटचा पूर्ण अर्थसंकल्प येत्या मार्चचा. तो नव्या माणसाचा व्हायचा असेल तर शपथ फेब्रुवारीच्या सुरुवातीला हवी. मार्चनंतर आलेला मुख्यमंत्री आधीच्याने केलेला स्वयंपाक वाढत बसतो, आणि मीठ कमी पडल्याच्या शिव्या त्याला खाव्या लागतात.

आता तुमच्या पसंतीच्या नावाकडे येतो. गृहस्थ खासदार आहेत, आमदार नाहीत, आणि तुमच्याकडे विधान परिषद नाही. सगळं इथेच अडणार आहे. घटनेच्या 164(4) प्रमाणे मंत्र्याला सहा महिन्यांत निवडून यावं लागतं. उद्धव ठाकरेंना 2020 साली करोनाच्या धामधुमीतही परिषदेचं दार होतं. मे महिन्यात ते बिनविरोध आत गेले. तुम्हाला मात्र विधानसभेची पोटनिवडणूकच लढवावी लागेल, आणि तिथे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 151-अ आडवं येतं. रिकाम्या जागेची उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायचं बंधन निवडणूक आयोगावर राहत नाही. म्हणजे जागा सोडणाऱ्या आमदाराचा राजीनामा येत्या दोन महिन्यांतच मंजूर झाला पाहिजे. उत्तराखंडात तीरथसिंह रावत याच कात्रीत सापडले. मार्च 2021 मध्ये शपथ घेतली आणि जुलैच्या सुरुवातीला राजीनामा दिला. मागून आलेले धामी आमदारच होते, त्यांना ही भानगड नव्हती.

हरियाणाचा दाखला देशील, म्हणून आधीच सांगतो. नायबसिंह सैनी मार्च 2024 मध्ये खासदार असतानाच मुख्यमंत्री झाले, सभागृहाला आठ महिनेही उरले नव्हते, तरी कर्नालची पोटनिवडणूक मे महिन्यात झाली. पण त्याच सुमारास आपल्या अकोला पश्चिमची पोटनिवडणूक मुदत वर्षाहून कमी उरल्याच्या कारणावरून नागपूर खंडपीठाने रद्द केली. कलम तेच, निकाल दोन. आणि वर्षाहून जास्त मुदत उरली म्हणजे निवडणूक होतेच असंही नाही. गिरीश बापट मार्च 2023 मध्ये गेले, त्यानंतर 2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत पुण्याला खासदारच नव्हता. उच्च न्यायालयाने आयोगाला निवडणूक घ्यायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. खासदार नाही हे आमच्या पेठेत किती जणांच्या लक्षात आलं, हा प्रश्न वेगळा. सहा महिने भरत आले की राजीनामा देऊन पुन्हा शपथ घ्यायची, ही तुमच्या वकिलांची आयडिया तर कचऱ्यातच टाक. 2001 साली एस. आर. चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते दार बंद केलंय.

तुझ्या तक्त्यात ‘चेहरा बदलला, सरकार वाचलं’ याखाली गुजरात ठळक अक्षरांत आहे. पंजाब कुठाय? महिना तोच, सप्टेंबर 2021. गुजरातमध्ये रूपाणी गेले, भूपेंद्र पटेल आले आणि डिसेंबर 2022 मध्ये 182 पैकी 156 जागा मिळाल्या. पंजाबात अमरिंदरसिंग गेले, चन्नी आले आणि फेब्रुवारी 2022 च्या मतदानात 117 पैकी 18 जागा उरल्या. चन्नी स्वतः दोन्ही मतदारसंघांत पडले. गुजरातमध्ये पंधरा महिने होते, अख्खं मंत्रिमंडळ बदललं आणि जाणारा माणूस गप्प बसला. पंजाबात शपथेनंतर आचारसंहितेला चार महिनेही उरले नव्हते, जाणारा पक्षच सोडून गेला आणि प्रदेशाध्यक्ष सिद्धूंनी आठ दिवसांतच राजीनामा फेकला. कर्नाटक तू वगळलंस तेही सोयीने. येडियुरप्पांच्या जागी आलेल्या बोम्मईंना जवळजवळ बावीस महिने मिळाले, तरी 2023 साली 224 पैकी 66. लोकांची तक्रार चेहऱ्याबद्दल नसेल तर महिने देऊन काय होणार? आणि दिल्लीचं 1998 आठव. कांद्याचे भाव भडकलेले, साहिबसिंह वर्मांच्या जागी सुषमा स्वराजांना आणलं, हातात दोन महिनेही नव्हते आणि 70 पैकी 15.

आता विधानसभा विसर्जित करण्याबद्दल. (विसर्जनाचा मुहूर्त पुणेकराला विचारलास, मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालणार हे धरून चाल.) मंत्रिमंडळाचा ठराव होतो, राज्यपाल घटनेच्या कलम 174 खाली सही करतात, इथवर तुमच्या हातात. तारीख आयोगाची. अधिसूचनेनंतर अर्जांना सातवा दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघार, आणि माघारीनंतर किमान चौदा दिवसांनी मतदान. म्हणजे अधिसूचनेपासून साडेतीन आठवडे तर धरायचेच. पण ती अधिसूचना कधी काढायची हे आयोग ठरवतो. तेलंगणात केसीआर यांनी सप्टेंबर 2018 मध्ये सभागृह मोडलं, डिसेंबरमध्ये मतदान झालं, 119 पैकी 88 आल्या. सगळ्यांना तेच आठवतं. आंध्रात चंद्राबाबूंनी अलिपिरीला स्वतःवर झालेल्या हल्ल्यानंतर नोव्हेंबर 2003 मध्ये मोडलं, सहानुभूती ताजी होती, पण मतदान एप्रिल 2004 मध्ये झालं. तोवर सहानुभूती शिळी झाली, 294 पैकी 47. गुजरातनेही जुलै 2002 मध्ये मोडलं होतं, पण लिंगडोहांच्या आयोगाने घाई करायला नकार दिला आणि मतदान डिसेंबरवर गेलं. तिथे सरकार आलं, पण त्यांनी मागितलेल्या तारखेला नाही.

त्यात तुमच्यासारख्या गाळात रुतलेल्या सरकारला सर्वांत महाग पडेल अशी गोष्ट टिपणात नाहीच. मुदतीआधी सभागृह मोडलं की काळजीवाहू सरकारला आचारसंहिता लगेच लागू होते, आयोगाने 2018 मध्येच ते स्पष्ट केलं. म्हणजे नव्या योजना बंद, आणि मतदान कधी ते माहीत नाही. शेवटच्या सहा महिन्यांत तर मोडायची गरजच नसते, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 15 प्रमाणे आयोग तेव्हा अधिसूचना काढू शकतो.

तरी तुला उदाहरण हवंच असेल तर आपलंच 2024 घे. लोकसभेला युतीच्या 48 पैकी 17 आल्या होत्या. मुख्यमंत्री बदलला नाही, सभागृह मोडलं नाही. जूनच्या शेवटी अर्थसंकल्पात लाडक्या बहिणींना दरमहा 1500 रुपये जाहीर झाले, 17 ऑगस्टला इथे बालेवाडीत सोहळा झाला, आणि 15 ऑक्टोबरला निवडणूक जाहीर व्हायच्या आत नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते मिळून 7500 रुपये खात्यात पडले होते. 2019 साली हरियाणा आणि महाराष्ट्राचं मतदान एकाच दिवशी झालं होतं, या वेळी आपलं नोव्हेंबरवर गेलं. विरोधकांनी त्यावरून आरडाओरडा केला, तो उगाच नव्हता. तिन्ही पक्षांच्या मिळून 230 आल्या. पैसा मला आवडतो म्हणून सांगत नाही, पण पैसा खात्यात पोचायला किती आठवडे लागतात हे ज्याने मोजलं त्याने निवडणूक मोजली.

एक्क्याण्णव… छे, नव्याण्णवचं भांडण आज उकरणार नव्हतो, पण तूच टिपणात घुसवलंस. ‘राणेंना आणखी वेळ मिळाला असता तर.’ मनोहर जोशींच्या जागी ते फेब्रुवारी 1999 मध्ये आले, सभागृह मार्च 2000 पर्यंत चाललं असतं. मग सप्टेंबरमध्ये लोकसभेबरोबर निवडणूक घ्यायची हौस कुणाची? तीही समोर काँग्रेस फुटलेली असताना. सेनेच्या 69 आणि भाजपच्या 56, आणि निकालानंतर दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या. मी तेव्हाही म्हणालो होतो की माणूस नाही, तारीख चुकली. तू तेव्हा टेबलावर आपटलेल्या कपाचे पैसे मी दिले, ते अजून येणे आहेत.

राहिली अफवा. तुमच्या सचिवालयात हे सुरू झालं असेलच. सचिव फाइलवर ‘चर्चा करावी’ लिहून परत पाठवतात, कंत्राटदार बिलांसाठी आतल्या माणसाऐवजी येणाऱ्या माणसाकडे जातात, आमदार दिल्लीची तिकिटं काढतात. सरकार पडत नाही, पण सहीची शाई सुकते. म्हणून बदलायचं नसेल तर नुसतं खंडन नको. पुढच्या अर्थसंकल्पाच्या बैठकांच्या तारखा मुख्यमंत्र्यांच्या नावाने जाहीर करा आणि प्रलंबित महामंडळांच्या नेमणुका त्याच आठवड्यात करून टाका. रिकामी खुर्ची दिसली की आमदाराला आशा सुटते. बदलायचं असेल तर शुक्रवारी राजीनामा, रविवारी विधिमंडळ पक्षाची बैठक, सोमवारी शपथ. मध्ये एक वर्तमानपत्र जास्त निघालं तरी चौथं नाव पुढे येतं.

वहिनींची बदली झाली हे माईंकडून कळलं, अभिनंदन की सांत्वन ते कळव. चिऊची दहावी आहे ना? भूमितीच्या वह्या धाडतोय, तिळगुळाच्याच डब्यात आहेत, चिकटल्या तर बोंब मारू नकोस. घराच्या हप्त्यांचं काय झालं तेही लिही.

आणि टिपणात जे कुठेच नाही ते सांग. तुमचे सध्याचे मुख्यमंत्री पद गेल्यावर गप्प बसतील का? राज्यपालपद, राज्यसभा, मुलाला तिकीट, काय कबूल केलंय आणि कुणी? ते ठरल्याशिवाय तिसऱ्या पानाला अर्थ नाही. फोनवर नको, लिहूनच पाठव.

तुझा,
बापू