ई-पुस्तकाआधी हस्तलिखित नीट हवे

महोदय,

आपले लेखन ई-पुस्तकाच्या रूपात काढायचे म्हणजे महागडे सॉफ्टवेअर घ्यावे लागते किंवा पैसे मोजून कुणाकडून तरी रूपांतर करून घ्यावे लागते, असा समज अनेक लेखकांमध्ये आढळतो. तो दूर व्हावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे. लिब्रेऑफिस रायटर हे लेखनाचे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्याला जोडता येणारी 'रायटर२ईपब' आणि 'रायटर२एक्सएचटीएमएल' ही एक्स्टेन्शनही मोफत आहेत, आणि २०१८ साली आलेल्या ६.० या आवृत्तीपासून तर खुद्द रायटरमध्येच ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, तयार करण्याची सोय आहे. साध्या कथा-कादंबरीला तेवढी सोय पुरते.

पुस्तक बिघडते ते मूळ हस्तलिखितामुळे. एका स्नेह्यांच्या आठवणींची चौदा प्रकरणे मी तपासायला घेतली, तेव्हा प्रत्येक प्रकरणाचे नाव त्यांनी नुसते मोठ्या, ठळक अक्षरांत टाइप केले होते आणि पुढचे प्रकरण नव्या पानावर जावे म्हणून दहा-बारा वेळा एंटर दाबला होता. छापील प्रतीत सारे सुबक दिसत होते. त्याचेच ईपब फोनवर उघडले, तर अनुक्रमणिकेत एकही प्रकरण नव्हते आणि मजकुराच्या मधोमध मोठाल्या मोकळ्या जागा पडल्या होत्या. ईपबमध्ये पान सहसा ठरलेले नसते. पडद्याची रुंदी आणि वाचकाने निवडलेला अक्षरांचा आकार यांनुसार मजकूर दर वेळी नव्याने मांडला जातो. ठळक ओळ म्हणजे प्रकरणाचे नाव, हे संगणकाला आपोआप कळत नाही; त्या ओळीला 'हेडिंग १' ही स्टाइल, म्हणजे शीर्षकासाठीची तयार रचना, दिली, तरच कळते. आम्ही जादा एंटर काढले, चौदाही नावांवर कंट्रोल आणि १ ही कळ दाबून स्टाइल दिली, आणि नवे पान सुरू करण्याची सूचना त्या स्टाइलमध्येच घातली. एका संध्याकाळचे काम होते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते, ती म्हणजे दस्तऐवजाची भाषा. मराठी पुस्तकाच्या नोंदीत भाषा इंग्रजी राहिली, तर दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मराठी मजकुरासाठी इंग्रजी आवाज निवडू शकतो, आणि मग त्या वाचकाच्या पदरी काहीच पडत नाही. मला ही चूक सर्वांत गंभीर वाटते, कारण डोळस लेखकाला ती कधी दिसतच नाही. ईपब ही वस्तुतः झिप फाइल, म्हणजे अनेक फाइलींचे एकत्र गाठोडे, असते. प्रतीचे नाव बदलून, शेवटी 'झिप' लावून ती उघडली, तर पुस्तकाची माहिती असलेल्या आतील ओपीएफ फाइलमध्ये ही नोंद कुणालाही वाचता येते. मराठीसाठी तेथे 'एमआर' ही दोन रोमन अक्षरे हवीत.

आपल्या तंत्रज्ञानविषयक पुरवणीत नवनव्या उपकरणांची ओळख नियमित येते. तिच्यात स्टाइल कशा वापराव्यात, यावर दोन-तीन सचित्र लेख छापावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक मुद्रितशोधक