अर्धा पत्रव्यवहार तुमच्या घरात असेल

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या धरमपेठेतल्या आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ताईंनी जी चित्रांची गॅलरी चालवली, तिचे सगळे कागद त्यांच्या कुटुंबाने आमच्या समितीच्या हवाली केले आहेत. त्यात विक्रीची रजिस्टरे आहेत, चित्रकारांची पत्रे, आमंत्रणपत्रिका, किमतींच्या याद्या, फ्रेमवाल्यांची बिले, रेल्वे पार्सलच्या पावत्या, अभिप्रायाच्या वह्या आणि फोटोंच्या निगेटिव्ह आहेत. ताई जाऊन काही वर्षे झाली. घर आता पुनर्बांधणीला जाते आहे. दानपत्रावर सह्या होईपर्यंत नाव छापू नये अशी घरच्यांची इच्छा आहे आणि ती आम्ही पाळतो आहोत. त्या काळच्या नागपूरकरांना नाव सांगायची गरज पडणार नाही. चित्रकार त्यांना ताई म्हणत, म्हणून इथेही ताईच लिहितो.

हे दप्तर टिकवायला पैसे लागतील आणि ते पुढे मागणारच आहोत. त्याआधी एक मागणे आहे, ते आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते.

ताईंच्या फायलींत जी पत्रे आहेत ती त्यांना आलेली आहेत. त्यांनी लिहिलेली पत्रे टपालाने अमरावतीला गेली, अकोल्याला, यवतमाळला, जबलपूरला, मुंबईला, बडोद्याला गेली. व्यवहाराच्या पत्रांची कार्बन कॉपी त्या ठेवत. मनातले लिहिलेल्या अंतर्देशीय पत्रांची प्रत कोण ठेवतो? एका चित्रकाराने त्यांना कळवले आहे की तुमचे म्हणणे पटले, निळा काढून टाकला. कोणत्या चित्रातला निळा, आणि ताईंना तो का खटकला, हे त्यांच्या पत्रात असणार. ते पत्र त्या चित्रकाराच्या घरी, एखाद्या ट्रंकेत, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात असेल. चित्रकार गेले असतील तर ते मुलांकडे असेल, सुनेकडे असेल. अशी पत्रे आम्हाला हवी आहेत. द्यायची नसतील तर दाखवा. तुमच्यासमोर स्कॅन करून परत देऊ.

नागपुरात आधुनिक चित्रकलेचा असा कोणता मोठा इतिहास आहे, असे कोणी विचारेल. मुंबईत १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, त्याच्या सहा संस्थापकांत सय्यद हैदर रझा आणि हरी अंबादास गाडे होते. रझांनी १९३९ ते १९४३ या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले आणि मग ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. गाडे मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, नागपूर विद्यापीठाचे विज्ञानाचे पदवीधर. आणि वासुदेव गायतोंडे, ज्यांच्या चित्राला २०१३ साली मुंबईतल्या लिलावात तेवीस कोटींवर बोली गेली, ते १९२४ मध्ये नागपुरात जन्मले. ही तिन्ही नावे मोठी झाली ती शहराबाहेर जाऊन. जे गेले नाहीत, शाळेत चित्रकला शिकवत राहिले, संध्याकाळी स्वतःचे काम करत राहिले, त्यांच्याबद्दल पुस्तकांत जवळपास काही नाही. ताईंच्या रजिस्टरांत आहे.

त्या रजिस्टरांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. लाल कापडी बांधणी, आडवे रकाने. प्रत्येक चित्रासमोर चित्रकाराचे नाव, माप, माध्यम, चित्रकाराने सांगितलेली किंमत, प्रत्यक्षात आलेली किंमत, कोणी घेतले, किती हप्त्यांत फेडले, फ्रेम कोणाकडून केली. विकले गेले नसेल तर कोणत्या गाडीने परत पाठवले. घेणाऱ्यांत हायकोर्टातले वकील आहेत, मेडिकलचे प्राध्यापक, इतवारीतले व्यापारी, कोळसा खाणींचे अधिकारी आहेत आणि महिन्याच्या पगारातून हप्ता देणाऱ्या शिक्षिकाही आहेत. शेवटच्या रकान्यात ताईंचे बारीक अक्षरातले शेरे आहेत. कोणाला मुलीच्या लग्नासाठी आगाऊ रक्कम दिली, कोणाचे चित्र विकले गेले नाही तरी रंगांचे पैसे पोचते केले. गॅलरी चालवणारी बाई केवळ मधली विक्रेती नव्हती, तिच्या भोवती एक मंडळच जगत होते, हे या रकान्यात दिसते. चित्रांवरच्या लेखात हे कधी येत नाही, कारण लेख लिहिणाऱ्याला हिशेबाची वही कोणी दाखवत नाही.

खऱ्या-खोट्याचा प्रश्नही याच वह्यांशी बांधलेला आहे. २००९ मध्ये दिल्लीतल्या एका गॅलरीत रझांची जुनी चित्रे म्हणून मांडलेले प्रदर्शन उघडायला खुद्द रझा गेले आणि ही चित्रे माझी नाहीत असे त्यांना सांगावे लागले. ते हयात होते म्हणून उलगडा झाला. चित्रकार गेल्यावर साक्ष द्यायला चित्राच्या मालकीची साखळी उरते: स्टुडिओतून कोणाकडे, तिथून पुढे कोणाकडे. त्या साखळीची पहिली कडी बहुधा गॅलरीच्या पावतीपुस्तकात असते. विदर्भातल्या चित्रकारांची चित्रे आज स्वस्त आहेत म्हणून हा प्रश्न आपल्याला लागू नाही, असे समजू नये. किमती वाढल्यानंतर पावत्या शोधायला निघालो तर मिळणार नाहीत.

जगात हे काम झाले आहे. एडिथ हाल्पर्ट या बाईंनी १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये डाउनटाउन गॅलरी काढली. जेकब लॉरेन्स या तरुण कृष्णवर्णीय चित्रकाराची स्थलांतरावरची साठ चित्रांची मालिका त्यांनी १९४१ मध्ये मांडली. त्यांच्या मध्यस्थीने दोन संग्रहालयांनी ती वाटून घेतली, विषम क्रमांकांची चित्रे एकाकडे आणि सम क्रमांकांची दुसऱ्याकडे. बेटी पार्सन्स यांनी १९४६ मध्ये गॅलरी उघडली आणि पोलॉक, रॉथको, न्यूमन या चित्रकारांना भिंत दिली, तेव्हा या मंडळींना गिऱ्हाईक फारसे नव्हते. या दोघींची दप्तरे आज अर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट या संस्थेत आहेत. १९५४ साली डेट्रॉइटमध्ये एका संग्रहालयाचे संचालक आणि एक चित्रसंग्राहक अशा दोघांच्या पुढाकाराने ती सुरू झाली आणि १९७० मध्ये स्मिथसोनियन या अमेरिकेच्या मोठ्या संग्रहालय-संस्थेत सामील झाली. सुरुवात लहानच होती, हे आम्ही स्वतःला वारंवार सांगतो. आपल्याकडे मुंबईत केकू गांधींच्या फ्रेमच्या दुकानात चित्रे लागता लागता १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उभी राहिली आणि त्यांच्या पत्नी खोर्शेदबाईंनी ती वर्षानुवर्षे सांभाळली. बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख यांचे कागद हाँगकाँगच्या एशिया आर्ट अर्काइव्हने स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले आहेत. नागपूरसाठी कोणी बाहेरून येईल याची वाट पाहायला आता वेळ नाही. सरकारी कागद जपायला १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे; खासगी कागद घरच्यांच्या मर्जीवर आणि शेजाऱ्यांच्या मदतीवर जगतात.

वेळ नाही असे का म्हणतो ते सांगतो. बरेचसे कागद संत्र्याच्या लाकडी पेट्यांत होते. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला, त्या रात्री धरमपेठेतल्या अनेक घरांसारखे या घरातही पाणी शिरले आणि तळाच्या पेट्या भिजल्या. भिजलेला कागद ४८ तासांत बुरशी धरू लागतो. घरच्यांनी जमेल तेवढे गच्चीवर वाळवले, त्यांच्यामुळेच आज काही हाती आहे. शाईने लिहिलेली पत्रे मात्र फिसकटली आहेत. त्याखेरीज आपल्या शहराची हवा. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास, कागद पापडासारखा कडक. त्यात खोलीत कूलर लावला की दमट हवेचा झोत, आणि मृगापासून चार महिने ओल. कोरडे-ओले, कोरडे-ओले असे होत कागदाचा जीव जातो. वर्तमानपत्रांची कात्रणे सर्वांत आधी तुटतात, कारण तो कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त असतो, शिवाय शेजारच्या पत्रावर त्याचा पिवळा डाग उतरतो. काही निगेटिव्हना व्हिनेगरचा वास येतो आहे. तो वास म्हणजे फिल्मचा पायाच कुजत असल्याची खूण, आणि ती बाजूला काढली नाही तर शेजारच्या फिल्मही त्याच वाटेने जातात. फॅक्सच्या कागदांवरचा मजकूर उडत चालला आहे, त्यांच्या झेरॉक्स आम्ही सर्वांत आधी काढून घेतल्या.

धंतोलीत एका सदस्याने पहिल्या मजल्यावरची खोली दिली आहे. २०२३ नंतर तळमजल्याचा विचारच केला नाही. तिथे लोखंडी कपाटे हवी आहेत. वापरलेली चालतील, गंज नसावा. आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेट्या आणि पाकिटे ही सर्वांत मोठी खरेदी आहे, कारण ती नागपुरात सहज मिळत नाहीत, बाहेरून मागवावी लागतात. पावसाळ्यात ओल खेचणारे यंत्र, आर्द्रता मोजायचे मीटर, मोठ्या पोस्टरांसाठी वरून फोटो काढता येईल असा स्कॅनर आणि प्रती तीन ठिकाणी ठेवता येतील एवढ्या हार्ड डिस्क लागतील. निगेटिव्ह आणि भिजलेली पत्रे यांना आम्ही हात लावणार नाही. ते काम शिकलेल्या संवर्धकाचे आहे आणि त्याचे मानधन द्यायचे आहे. देणगी कितीही रकमेची चालेल. शंभर रुपये देणाऱ्यालाही रीतसर पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब दर तिमाहीला सर्व देणगीदारांना पाठवू. आयकरातली ८० जी ची सवलत आमच्याकडे अजून नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

ज्यांना पैशांऐवजी वेळ देता येईल त्यांनी रविवारी सकाळी या. अक्षर लावणारी माणसे हवी आहेत. पत्रे मराठी, हिंदी, इंग्रजीत आहेत, थोडी बंगाली आणि उर्दूतही आहेत. चित्रकला महाविद्यालयाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी यावेच. आणि सत्तर-ऐंशीच्या दशकात या गॅलरीच्या उद्घाटनांना गेलेल्या ज्येष्ठांना खास विनंती, फोटो ओळखायला बसा. समूहचित्रे भरपूर आहेत, मागे नावे नाहीत. समईपाशी उभे असलेले पाहुणे कोण हे कळते, पण मागच्या रांगेतली खादीचा झब्बा घातलेली मुले कोण, कोपऱ्यातल्या दोन तरुणी कोण, हे तुम्हीच सांगू शकता. जिने चढणे जमत नसेल तर आम्ही लॅपटॉप घेऊन घरी येऊ.

तुमच्याकडे काही सापडले तर कृपा करून ते आहे तसे ठेवा. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. सेलोटेप लावू नका. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका, डांबर गोळ्या घालू नका, उन्हात पसरू नका. एकाच पाकिटात पत्र, बिल आणि वाण्याची यादी असेल तर ती यादीही राहू द्या. कोणता कागद कोणाशेजारी होता यातूनही तारीख लागते. निवड करून आणायची गरज नाही. चांगले-चांगले तेवढे वेगळे काढताना नेमके उपयोगाचे रद्दीत जाते.

खासगी मजकुराची काळजी अनेकांना वाटते, ती रास्त आहे. पत्रात घरगुती गोष्टी असतात, आजार असतात, उसनवारी असते. असे कागद तुम्ही सांगाल तितकी वर्षे बंद पाकिटात ठेवू, तसा लेखी करार करू. शिवाय पत्राचा कागद ज्याला आला त्याचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो; लिहिणाऱ्याच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या पत्रांसाठी आपल्या कायद्यात तो पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. म्हणून वारसांच्या परवानगीशिवाय आम्ही एकही पत्र प्रसिद्ध करणार नाही. अभ्यासकांना खोलीत बसून वाचता येईल. कागदांची विक्री होणार नाही, आणि समिती उद्या बंद पडली तर दप्तर कोणत्या सार्वजनिक संस्थेकडे जावे हे दानपत्रातच लिहिले जाईल.

हे आवाहन तुम्हाला ज्यांनी पाठवले त्यांनाच कळवा, ते आमच्यापर्यंत पोचवतील. काय सापडले, साधारण किती, आणि मूळ कागद देणार की फक्त स्कॅन करू देणार, एवढे तीन मुद्दे सांगितले तरी पुरे. विदर्भाबाहेर गेलेल्या नातेवाइकांनाही हे पाठवा, विशेषतः पुण्या-मुंबईला स्थायिक झालेल्या मुलांना, कारण आई-वडिलांचे सामान आता त्यांच्याकडे आहे. घराचा ताबा जूनमध्ये बिल्डरकडे जातो, तेव्हा कपाटे आणि पेट्यांसाठीची मदत मे अखेरपर्यंत हातात यावी. पत्रांना मुदत नाही, ती कधीही द्या. मूळ कागद टपालाने पाठवू नका. आमच्यापैकी कोणी येऊन घेऊन जाईल.

कळावे, लोभ असावा.

समितीचे सर्व सदस्य,
नागपूर